करंगळीच्या मुंग्या आणि काळी एकची पट्टी : एका बेसवाल्याचं प्रकरण

गेल्या जुलैमधली गोष्ट. लालबागला माझा छोटासा क्लास आहे, चाळीतली एक खोली, दोन ॲम्प, पाच-सहा पोरं, बस. त्यातलाच एक जुना विद्यार्थी, आता वय ३४, भांडुपला राहतो, दिवसा मस्जिद बंदरला एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात बिल्ट्या बनवतो आणि रात्री ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. नाव देत नाही. तोच म्हणाला लिहा पण नाव नको, कारण आमच्या लाइनमध्ये एकदा का पसरलं की ह्याचा हात गेलाय, की त्याच्या सुपाऱ्या दुसऱ्याकडे जायला आठवडासुद्धा लागत नाही.

तर हा ऑफिस सुटल्यावर करी रोडला उतरून आला, पाठीवर बेस, मनगटाला तो मेडिकलमध्ये मिळतो तसला काळा पट्टा. म्हणाला, "दादा, डाव्या हाताची करंगळी झोपते माझी." झोपते म्हंजे काय तर मुंग्या येतात, रात्री तीन वाजता जाग येते, हात झटकला की थोडं बरं वाटतं, आणि वाजवताना दुसऱ्या तासाला हात कोपरापासून खाली दगड होतो, पहिल्या फ्रेटवरचा एफ (फ्रेट म्हंजे बेसच्या दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) धरवत नाही, नोट सुटते. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, ही दोनच बोटं. बाकीची ठणठणीत. हे तो पहिल्याच मिनिटात बोलला होता आणि मी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं, ते पुढे येईलच.

त्याच्या कीबोर्डवाल्याने मोबाइलवर कुठला तरी व्हिडिओ बघून ठरवून टाकलं होतं की हे कार्पल टनल, म्हंजे मनगटात नस दबायचा आजार, म्हणून तो मनगटाचा पट्टा. पट्टा लावूनच हा शो वाजवत होता! मनगट जखडलं की हात वळवायचं काम कोपर आणि खांदा करतात, म्हंजे ज्याला त्रास आहे त्याच्याच डोक्यावर अजून ओझं. आईने रोज रात्री तेल लावून दिलं, ऑफिसातल्या एकाने कुठलासा बाम दिला, झालं.

मी काय केलं ते आता सांगतो, आणि लाज वाटते तरी सांगतो, कारण वीस वर्षं शिकवणारा माणूससुद्धा कसा सरळ चुकीच्या गल्लीत शिरतो ते कळावं. मी त्याला खुर्चीवर बसवलं, म्हटलं वाजव. वाजवताना मला तीन गोष्टी दिसल्या. बेस खाली लोंबकळत ठेवायची सवय, त्यामुळे डावं मनगट आत दुमडलेलं. चार फ्रेटला चार बोटं ताणून वाजवायची सवय, गिटारवाल्यांसारखी. आणि बेसची ॲक्शन, म्हंजे तारा आणि फ्रेटमधली फट, इतकी वर की बाराव्या फ्रेटला ई तारेखाली साडेतीन मिलिमीटरची फट. पावसाळ्यात मुंबईत लाकूड पाणी पितं, नेक, म्हंजे बेसचा दांडा, पुढे वाकते, तारा वर जातात, दर वर्षी होतं, पण हा तीन पावसाळे तसाच वाजवत होता.

म्हटलं सापडलं.

नेक सरळ करून घेतली, ट्रस रॉडला, म्हंजे नेकच्या आतल्या लोखंडी सळईला, पाव-पाव वळसा देत, मध्ये एक रात्र सोडत. ॲक्शन ई खाली २.४ आणि जी खाली २ मिलिमीटरवर आणली, ते नॉर्मल माप आहे. ताराही बदलल्या, त्याच्याकडे १०५ चा (सगळ्यात जाड तार ०.१०५ इंच) जाड सेट होता, तिथे १०० चा घातला. ताण तारेच्या जाडीच्या वर्गाच्या हिशोबात जातो म्हणून १०५ ची १०० केली तर तेवढ्यानेच ताण साधारण नऊ टक्के उतरतो. एका बेसवर चारही तारा मिळून सत्तर-ऐंशी किलोचा ताण असतो, तेव्हा नऊ टक्के म्हंजे खेळ नाही.

बोटांचं म्हणाल तर, १९५१ साली लिओ फेंडरने प्रिसिजन बेस काढला त्याची तारेची लांबी ३४ इंच, आणि आजही बहुतेक बेस त्याच मापाचे येतात. ह्या मापावर पहिल्या फ्रेटच्या पट्टीपासून चौथ्या फ्रेटच्या पट्टीपर्यंत १३० मिलिमीटर होतात. तेच पाचव्यापासून आठव्यापर्यंत १०३. म्हणून वरच्या पोझिशनला चार बोटं चार फ्रेटला ठेवा, काही प्रॉब्लेम नाही, पण खाली पहिल्या पोझिशनला आपल्यासारख्या मध्यम हाताच्या माणसाने ते करायचं म्हंजे करंगळीला रोज फाशी. त्यापेक्षा उभा डबल बेस वाजवणारे जे करतात ते करावं, पहिलं बोट (तर्जनी), मधलं बोट आणि करंगळी, तिसरं बोट (अनामिका) करंगळीच्या मदतीला सोबत दाबायचं. फ्रान्झ सिमांडल नावाचा एक डबल बेसवाला होता एकोणिसाव्या शतकात, त्याच्या नावाने ही पद्धत ओळखतात. तीन बोटं तीन फ्रेट, ताण १३० वरून ८९ मिलिमीटरवर. चौथा फ्रेट पाहिजे तर अख्खा हात सरकवा, बोट ताणू नका. तिसऱ्या बोटाला आणि करंगळीला एकटं-एकटं राहायला निसर्गानेच शिकवलेलं नाही, दोघांच्या शिरा (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या, टेंडन) आणि स्नायू हातात एकमेकांना बांधलेले असतात, टेबलावर पंजा पालथा ठेवून मधलं बोट आत दुमडा आणि मग अनामिका वर उचलून बघा, कळेल.

आणि तिसरं, जे सगळे मास्तर सांगतात तेच मी सांगितलं. बेसचा पट्टा वर घे. बेस छातीच्या खालच्या बाजूला आण, नेक थोडी वर कर, मनगट सरळ राहील.

त्याने सगळं ऐकलं, गुणी पोरगा आहे. ऑगस्टभर क्लासमध्ये बसून मस्त वाजवत होता, बोटं हलकी पडली, मी खूश. मग गणपती आले. दहा दिवसांत सात सुपाऱ्या. विसर्जनानंतरच्या शनिवारी हा आला तो तोंड पाडूनच. "दादा, मनगट बरं आहे पण करंगळी आता दिवसापण झोपते. काल डब्याचं झाकण उघडेना."

झाकण उघडेना म्हटल्यावर माझी टरकली. मुंग्या वेगळ्या आणि ताकद जाणं वेगळं. मी म्हटलं आता माझं शहाणपण बास, सोमवारी सुट्टी टाक आणि हाताच्या डॉक्टरकडे जा. परळला सरकारी हॉस्पिटलच्या ओपीडीत सकाळी सातला रांग लावली, मीही गेलो सोबत, कारण त्याला विचारलं तर तो "काही नाही, थोडं दुखतं" एवढंच बोलणार.

डॉक्टर मॅडम तरुण होत्या, फार बोलल्या नाहीत, पण काय केलं ते बघण्यासारखं होतं. पहिला प्रश्न, मुंग्या नक्की कुठल्या बोटांना? करंगळी आणि अनामिका, म्हटल्यावर त्यांनी मनगटाकडे बघितलंसुद्धा नाही, थेट कोपर पकडलं. कोपराच्या आतल्या बाजूला हाड लागतं ना, जिथे आपटलं की झिणकन करंगळीपर्यंत करंट जातो, तिथे बोटाने टकटक केलं. हा पोरगा खुर्चीवरून उडाला. मग दोन्ही कोपरं पूर्ण दुमडून मिनिटभर धरायला लावली, चाळीस सेकंदात डाव्या करंगळीला मुंग्या. मग अंगठा आणि पहिल्या बोटाच्या कडेमध्ये एक कागद धरायला सांगून तो ओढून बघितला, ह्या नसेची ताकद गेली असेल तर कागद धरायला अंगठ्याचं टोक दुमडावं लागतं. त्याचं थोडंसंच दुमडलं. अंगठ्याच्या मागचा जो मांसल भाग असतो तो बसलेला नव्हता, ते बघून त्या म्हणाल्या, "वेळेत आलात." नसेची करंट टेस्ट केली, त्यात कोपरापाशी सिग्नल हळू जातोय असं आलं.

म्हंजे मनगटाचा ह्यात काडीचा संबंध नव्हता. मनगटातून जी नस जाते, कार्पल टनलवाली, ती नऊ शिरांच्या गर्दीतून जाते आणि अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट आणि अर्धी अनामिका एवढ्यांचा कारभार बघते. करंगळी तिच्या हद्दीत येतच नाही. करंगळीची नस वेगळी, अल्नार, ती कोपराच्या मागून एका अरुंद बोळातून वळसा घालून येते. कोपर जितकं दुमडाल तितकी ती ताणली जाते आणि बोळ अजून अरुंद होतो. आणि हीच नस हाताच्या पंजातले बहुतेक बारके स्नायू चालवते, बोटं फाकवायची, जवळ आणायची, करंगळीने दाबायचं, सगळं. बेसवाल्याच्या डाव्या हाताचा अर्धा धंदा तिच्यावर. हे एवढं जुलैमध्ये मला माहीत असतं, किंवा खरं सांगायचं तर माहीत होतं पण डोक्यात माझा सिमांडल फिरत होता, तर दोन महिने वाचले असते.

मॅडमनी त्याला दिवसभराचा हिशोब विचारला. कोपर कधी कधी दुमडलेलं असतं? आणि मग एकेक बाहेर आलं. ऑफिसात डाव्या कानाला फोन, दिवसाला पन्नास-साठ कॉल, ड्रायव्हर कुठे, माल कुठे, आणि कोपर टेबलाच्या काचेवर टेकलेलं. सकाळी भांडुपहून खिडकीची सीट मिळाली की कोपर खिडकीच्या पत्र्यावर, कुर्ल्यापर्यंत झोप. रात्री कुशीवर झोपून मोबाइल, आणि मग तसाच हात उशीखाली दुमडून झोप. मॅडम म्हणाल्या रात्री कोपराभोवती जाड टॉवेल गुंडाळून सैलसर बांधायचा, म्हंजे झोपेत हात पूर्ण दुमडणारच नाही. फोन इयरफोनवर. कोपर टेकवणं बंद. फिजिओथेरपिस्टकडून नस हळूहळू सरकवायचे व्यायाम शिकून घ्या, स्वतःच्या मनाने खेचाखेची करू नका. दीड-दोन महिन्यांत फरक दिसेल, नाही दिसला किंवा मांस बसायला लागलं तर ऑपरेशनचं बोलू. आणि शेवटी पेन खाली ठेवत विचारलं, "आणि वाजवताना कोपर किती दुमडतं?"

मी ताठ मानेने सांगितलं, काटकोनापेक्षा जास्त नाही. मी क्लासमध्ये बघितलंय ना.

मॅडम म्हणाल्या सहा आठवडे वाजवू नका. पण नवरात्राची सुपारी घेतलेली, ॲडव्हान्सही खर्च झालेला, मुलाची फी भरलेली. इथे उपदेश करायला सोपं आहे, पण नऊ नाईटचं पाकीट सोडायचं म्हंजे पुढच्या वर्षी त्या जागेवर दुसरा माणूस उभा. तो काही थांबणार नव्हता. मग मी ठरवलं की दुसऱ्या माळेला आपणच जाऊन उभं राहायचं आणि बघायचं.

मुलुंडच्या बाजूचं एक मैदान. नवरात्रात दहा वाजता स्पीकर बंद, तो २००० सालचा ध्वनिप्रदूषणाचा नियम, शेवटचे मोजके दिवस सोडले की जेव्हा सरकार बारापर्यंत सूट देतं. आता ह्याचा हाताशी काय संबंध म्हणाल तर खूप आहे. पूर्वी शो लांबायचा पण मध्ये चहा, गप्पा, भाषणं. आता लोक साडेसातला जमतात आणि दहाला बंद, म्हणून आयोजक म्हणतो एक मिनिट फुकट घालवू नका, अडीच तास नॉनस्टॉप, एका गाण्यातून दुसऱ्यात, दांडिया थांबता कामा नये. अडीच तासांत ह्या माणसाने डावा हात नेकवरून काढलेला मी दोनदा बघितला, एकदा घाम पुसायला आणि एकदा मच्छर मारायला.

आणि कोपर? बघून मी हादरलोच. क्लासमध्ये बसून वाजवणारा हा आणि स्टेजवरचा हा, दोन वेगळी माणसं. बेस जवळजवळ गळ्याशी, नेक तिरकी वर आभाळाकडे, मान डावीकडे वाकवून जबडा बेसच्या वरच्या शिंगावर, म्हंजे बॉडीच्या वरच्या टोकावर, टेकवलेला, आणि पहिल्या पोझिशनला जाताना डावं कोपर असं दुमडलेलं की पंजा खांद्याजवळ. अडीच तास. म्हंजे मॅडमनी जी मिनिटभराची टेस्ट केली तीच हा रोज रात्री दीडशे मिनिटं करत होता, आणि पट्टा वर घे हे सांगणारा मी.

शो संपल्यावर वडापाव खाताना विचारलं, अरे ते जबडा टेकवणं काय आहे? तर म्हणाला, "दादा, काही ऐकू येत नाही ओ. जबडा लावला की सूर कळतो."

तिथे सगळं उलगडलं. बेसचं लाकूड थरथरतं ते जबड्याच्या हाडातून थेट आतल्या कानात जातं, ही आयडिया काही चुकीची नाही, गोंगाटात ट्युनिंग करताना आपण सगळे करतो. पण हा अख्खा शो तसा वाजवत होता. स्टेजवर त्याच्या उजव्या कानाशी ऑक्टापॅडचा मॉनिटर (वाजवणाऱ्याला स्वतःचं ऐकू यायला ठेवलेला स्पीकर), मागे ढोल. त्याचा स्वतःचा छोटा ॲम्प जमिनीवर, गुडघ्याच्या मागे, म्हंजे जो काही स्वच्छ आवाज निघतो तो पोटऱ्यांना ऐकू येतो. बाकी बेस सरळ मिक्सरला. समोरच्या मोठ्या सबवूफरमधून खालच्या फ्रिक्वेन्सी चारी बाजूंना पसरतात, त्यामुळे स्टेजवर नुसती घरघर पोचते, ई तार म्हंजे ४१ हर्ट्झ, ती घरघर अंगाला लागते पण सूर कुठला ते कळत नाही. आणि ऐकू आलं नाही की माणूस काय करतो? दाबतो. जणू काही डाव्या हाताने जास्त दाबलं तर आवाज मोठा होणार आहे. डाव्या हाताने आवाज वाढत नाही ओ, नोट वाजण्यापुरतं दाबलं की त्यापुढचा सगळा जोर वाया, उलट सूर किंचित चढतो. उजवा हात पण तसाच, मारतोय नुसता, आणि मी ॲक्शन खाली केल्यामुळे जोरात मारलं की तार फ्रेटवर खडखडायला लागली, म्हणून हा अजूनच डाव्याने आवळायला लागला. माझा एकेक उपाय क्लासमध्ये औषध आणि स्टेजवर विष.

दुसरी एक गोष्ट त्या रात्री लक्षात आली आणि ती आमच्या ऑर्केस्ट्रावाल्यांनाच कळेल. मेन गायक काळी एकमध्ये, म्हंजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून, गातो. बऱ्याच पुरुष गायकांची तीच आवडती पट्टी. कीबोर्डवाला ट्रान्सपोजचं, म्हंजे पट्टी बदलायचं, बटण दाबून मोकळा, गिटारवाल्याकडे कॅपो, म्हंजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, बेसवाल्याकडे काय? काळी एक म्हंजे सी शार्प. शुद्ध स्वरांचं सप्तक मांडा, सी शार्प, डी शार्प, एफ, एफ शार्प, जी शार्प, ए शार्प, सी. आता बेसच्या चार मोकळ्या तारा बघा, ई, ए, डी, जी. एकही, एकही त्या सप्तकात नाही. म्हंजे शुद्ध स्वरांचं गाणं असलं की मोकळी तार वाजवून डाव्या हाताला अर्धा सेकंद श्वास द्यायची सोयच नाही, प्रत्येक नोट दाबायचीच, आणि ते पण जास्त करून पहिल्या चार फ्रेटमध्ये जिथे फ्रेट सगळ्यात लांब-लांब आणि नेक अशी वर धरली की कोपर सगळ्यात दुमडलेलं. पाश्चात्त्य पुस्तकातून शिकलेला माणूस हे कधी बोलणार नाही कारण त्यांची बरीच गाणी ई आणि ए मध्ये. मीसुद्धा क्लासमध्ये ई मध्येच शिकवतो. त्याला मी ऑगस्टभर ई आणि जी मधले धडे वाजवायला लावून "हात हलका पडला" म्हणत होतो.

चौथ्या माळेपासून बदल सुरू केले.

आधी ट्युनिंग. चारही तारा अर्धा सूर खाली. आता मोकळ्या तारा डी शार्प, जी शार्प, सी शार्प, एफ शार्प, चारच्या चार काळी एकच्या सप्तकात! काळी तीनमध्येही चारही बसतात, काळी चारमध्ये तीन. वर ताण कमी झाला तो वेगळाच, अर्धा सूर खाली म्हंजे ताण साधारण अकरा टक्के उतरतो, तार न बदलता. पहिली रात्र गोंधळ झाला, बोटांची जागा सगळी एक घर वर, दोन ठिकाणी सणसणीत चुकला आणि गायकाने वळून बघितलं, पण सहाव्या माळेपर्यंत बसलं. सा वाजवायला मोकळी तार, प वाजवायला मोकळी तार, तेवढ्या वेळात डावा हात नेकवरून सुटा, कोपर खाली. मी त्याला सांगितलं होतं मोकळ्या तारेवर हात झटकायचा नाही, नुसता लटकू द्यायचा.

मग ऐकू येण्याचं. हे सगळ्यात अवघड, कारण इथे बोटांचा नाही, साउंडवाल्याचा प्रश्न. मिक्सरला मॉनिटरच्या ऑक्स, म्हंजे वेगळा आवाज पाठवायच्या लाइन, दोनच, एक गायकाला, एक ऑक्टापॅडला, आणि बेसवाला कोण तर मागे उभा राहणारा. साउंडवाल्याला मी चहा पाजला, गोड बोललो, म्हटलं भाऊ तुझी ऑक्स नको, बेसच्या डीआय बॉक्सला (बेस मिक्सरला जोडायचा डबा) जो थ्रू आउट आहे तिथून एक वायर मी काढून घेतो. त्याला काही फरक पडणार नव्हता म्हणून हो म्हणाला. ती वायर एका छोट्या हेडफोन ॲम्पला, बेल्टला अडकवता येतो तसला, आणि त्यातून कानात घट्ट बसणारे वायरवाले इयरफोन. एका नाईटच्या पाकिटात सगळं बसलं. इयरफोन घेताना एकच बघितलं, बेससाठी डायनॅमिक ड्रायव्हरवाले, काही स्वस्त मॉनिटर इयरफोनमध्ये एकच बारकुला आर्मेचर असतो त्यात खालचे सूर पातळ येतात.

आणि इक्यू, म्हंजे जाड-बारीक आवाज कमी-जास्त करायची बटणं. लोक बेस ऐकू येत नाही म्हणून बेसचंच बटण फिरवतात, त्याने घरघर वाढते. सूर कळायला ओव्हरटोन, म्हंजे मूळ सुरासोबत वाजणारे वरचे बारीक सूर, लागतात, ७०० ते ८०० हर्ट्झच्या आसपास थोडं वर केलं की नोट कानात उभी राहते. ॲम्पही जमिनीवरून उचलून खुर्चीवर ठेवला, तोंड पाठीकडे. खुर्ची मंडळाची, प्लास्टिकची, दोरीने बांधलेली, दिसायला गबाळं पण चालतं.

कानात आवाज किती ठेवायचा ह्यावर मी त्याच्याशी भांडलो. ८५ डेसिबल आठ तास चालतो, पण दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. नवरात्राच्या स्टेजवर शंभर सहज असतं. इयरफोन घट्ट बसले की बाहेरचा गोंगाट बराच कापला जातो, म्हणून आत कमी आवाजात भागतं, ते तसंच भागवायचं, नाहीतर हात वाचवून कान घालवशील. त्याने एक कान उघडा ठेवून बघितला, ढोल जोरात येतो म्हणून आतला आवाज वाढवला, मी लगेच दुसरा कानात घालायला लावला.

सातव्या माळेला मी परत गेलो. जबडा शिंगावर नव्हता. कोणी सांगितलं नव्हतं, आपोआप सुटला. पट्टा आम्ही एक भोक खाली घेतला, बसल्यावर बेस जिथे येतो तिथेच उभं राहिल्यावर येईल इतका, नेक जरा आडवी केली, कोपर काटकोनाच्या थोडं बाहेर. मनगट थोडं दुमडतं ह्यात, हो दुमडतं, पण त्याच्या मनगटाला कधी काही झालंच नव्हतं. कुठला तरी एक सांधा दुमडणारच, कुठला दुमडायचा ते ज्याच्या त्याच्या दुखण्यावर ठरवायचं, सगळ्यांना एकच उंची सांगणं आता मी बंद केलंय.

दिवाळीनंतर तो मोकळा होता तेव्हा दाबण्याच्या सवयीवर काम केलं, कारण ऐकू यायला लागलं तरी हाताला जुनी सवय असतेच. व्यायाम अगदी साधा. एक नोट वाजवत राहायची आणि डावं बोट हळूहळू सैल सोडत जायचं, तार खडखडायला लागली की थांबायचं, आणि खडखड जाईल इतकंच परत दाबायचं. एवढाच जोर लागतो. बोट फ्रेटच्या पट्टीला अगदी चिकटून मागे ठेवलं तर अजून कमी. पहिल्यांदा केलं तेव्हा तो हसायलाच लागला, म्हणाला "एवढंच?" मग तोच व्यायाम अंगठा नेकच्या मागून काढून, म्हंजे चिमटा मारताच येत नाही, हाताचं वजन मागे लटकवून दाबावं लागतं. रोज पाच मिनिटं, घड्याळ लावून, जास्त नाही. आणि मोबाइलवर एखादा ढोलाचा ट्रॅक मोठ्याने लावून त्याच्यासोबत, कारण शांत खोलीत हलका हात सगळ्यांचाच असतो.

आकडे सांगायचे तर, टॉवेल पहिल्या दिवसापासून, रात्रीची जाग साधारण पाच आठवड्यांत बंद झाली. डब्याचं झाकण नोव्हेंबरच्या शेवटी उघडलं. डिसेंबरात मॅडमनी परत कागद ओढून बघितला, अंगठा सरळ राहिला. ऑपरेशनचं नाव निघालं नाही. लग्नसराईत लागोपाठ तीन नाईट झाल्या तर चौथ्या दिवशी सकाळी करंगळीत थोडी झिणझिण अजून येते, तेवढी आहे. खिडकीत कोपर टेकवून झोपायची सवय मात्र सुटलेली नाही, मी स्वतः दोनदा पकडलाय.

ह्यात फरक नक्की कशाने पडला ते मला वेगळं काढून सांगता येणार नाही, कारण टॉवेल, फोन, ट्युनिंग, इयरफोन सगळं महिनाभरातच सुरू झालं. माझा अंदाज, रात्रीच्या मुंग्या टॉवेलने गेल्या आणि दुसऱ्या तासाला हात दगड व्हायचा ते ऐकू आल्याने गेलं. सिमांडल आणि नवीन तारांनी नुकसान नाही केलं, पण पहिला मान त्यांना द्यायला नको होता. आता नवीन कोणी हात दुखतो म्हणून आला की मी बेस हातात घ्यायच्या आधी विचारतो, कुठलं बोट, आणि मग म्हणतो तुझ्या पुढच्या शोचा पत्ता दे.

एप्रिलमध्ये भीमजयंतीच्या सुपाऱ्या सुरू झाल्या आणि त्याचा फोन आला. ऑर्केस्ट्रात नवीन गायिका आलीय, काळी पाचमध्ये गाते. ए शार्प. अर्धा सूर खाली लावलेल्या बेसवर तिच्या सप्तकात मोकळी तार एकच लागते, डी शार्प, आणि नेहमीच्या ट्युनिंगला लावलं तर तीन, ए, डी आणि जी. म्हंजे मेन गायकाच्या गाण्यांना एक ट्युनिंग, तिच्या गाण्यांना दुसरं, आणि मध्ये निवेदक बोलतो तेवढे वीस सेकंद. "दादा, पाच तारांचा बेस घेऊ का?" म्हणाला. मी म्हटलं थांब, पाच तारांची नेक रुंद, बेस जड, आधी तुझा पंजा तिच्यावर ठेवून बघू, कोपर कुठे जातं ते बघू. तोपर्यंत क्लिपवाला ट्युनर लाव आणि निवेदकाला सांग जरा लांबवून बोल. रविवारी सकाळी येतोय तो.